गट क्रमांकापासून वेबच्या पत्त्यापर्यंत

पत्ता म्हणजे ठिकाणाची खूण, एवढीच आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु पत्त्याचा इतिहास पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की, पत्ता हा निरोपही असतो. टपालवाल्याने, तलाठ्याने आणि आता संगणकाने पुढे काय करावयाचे, हे तो सांगतो. वेबवरील एका पानाकडून दुसऱ्या पानाकडे पत्त्यातून माहिती कशी जाते, हा आजचा विषय. तो नव्या काळाचा खरा. पण त्याचे मूळ आपल्या शिवारातच सापडते.

नीरा ओलांडली की इंदापूर तालुका लागतो. १८३० नंतरच्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तेथे जमीनमोजणीची नवी पद्धत बसविली. तिचे नियम पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाले. शेताची ओळख गावात पटे ती नावावरून, विहिरीवरून किंवा बांधावरच्या झाडावरून. परक्या माणसास त्याचा बोध होणे कठीण. शेतावर क्रमांक पडला आणि जिल्हा, तालुका, गाव व सर्व्हे नंबर ही चार पदे ठाऊक असणाऱ्या कोणासही नेमके तेच शेत दाखविता येऊ लागले. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट क्रमांक आले. जुना क्रमांक कोणत्या नव्या गटात गेला, याची नोंद ज्याने जपली, त्याचे काम सोपे झाले. ज्याच्यापाशी ती नव्हती, त्याच्या वाट्यास हेलपाटे आले. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरा टप्पा टपालाचा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी. माळशिरसचा क्रमांक ४१३१०७. यातील पहिला अंक टपालाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन टपालकचेरी दाखवितात. अंकाचे मोल त्याच्या जागेवर ठरते, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

आता वेबकडे वळू. १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. तिच्या मुळाशी एक साधा नियम आहे : प्रत्येक मागणी स्वतंत्र असते, पान पाठविणाऱ्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, मागच्या मागणीची आपोआप आठवण राहत नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्याहून माळशिरसला आणि पुढे वेळापूरला जाते. दिंडीचा क्रमांक आदल्या मुक्कामाने पुढच्या मुक्कामास कळवावा लागत नाही. तो दिंडीबरोबरच चालतो. वेबवरही हीच युक्ती योजिली गेली. पुढच्या पानाला जे ठाऊक हवे, ते पत्त्यातच घालून पाठवावयाचे. या घातलेल्या मजकुराला पॅरामीटर म्हणतात.

आरंभी पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन त्यापुढे नाव व मूल्य यांच्या जोड्या लिहीत : तालुका अमुक, गाव अमुक, गट अमुक. पुढे दुसरी रीत रूढ झाली. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत जँगो ही चौकट तयार झाली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. रूबी ऑन रेल्स ही चौकट त्याच्या आदल्या वर्षीची. अशा चौकटीत पत्त्याचा साचा आधीच लिहून ठेवतात. काही शब्द कायमचे आणि काही जागा मोकळ्या. गावांच्या यादीतील एका नावावर बोट ठेवले की त्या गावाचा क्रमांक मोकळ्या जागेत बसतो. चौकट तो उचलून पुढचे पान तयार करणाऱ्या कार्याच्या हाती देते आणि ते कार्य दप्तरातून नेमकी नोंद काढते. एकच साचा, पण त्यातून हजारो पाने उभी राहतात. वस्तू कोणती, हे सहसा साच्यातील जागेत सांगावे. ती कोणत्या क्रमाने मांडावी यासारख्या ऐच्छिक गोष्टी प्रश्नचिन्हापुढे ठेवाव्यात.

मग गावाचे नावच का घालू नये? माळशिरस नावाचे गाव पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातही आहे; केवळ नावाने घोटाळा होईल. शिवाय पत्ता पाठविताना देवनागरी अक्षरांचे सांकेतिक रूपांतर होते. ‘माळशिरस’ या शब्दातील सात चिन्हांची त्यात त्रेसष्ट चिन्हे होतात! म्हणून क्रमांक सोयीचा.

परंतु सोयीबरोबर जबाबदारीही येते. पत्त्यातील क्रमांक कोणासही बदलून पाहता येतो. सात-बारा हा लोकांनी पाहावयाचा उतारा आहे. बँकेचे खाते तसे नव्हे. क्रमांक बदलताच शेजाऱ्याचे खाते उघडू लागले, तर तो दोष पाहणाऱ्याच्या चातुर्याचा नसून बांधणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा होय. आलेले मूल्य योग्य आहे काय आणि मागणाऱ्याला ते पाहण्याचा अधिकार आहे काय, हे दोन्ही प्रश्न प्रत्येक पानाने नव्याने विचारलेच पाहिजेत.

दुसरी जबाबदारी टिकाऊपणाची. चांगले पत्ते बदलू नयेत, असा आग्रह बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच धरला होता. पत्ता एकदा दिला की तो लोकांच्या पत्रांत, अर्जांत आणि वह्यांत जाऊन बसतो. साचा बदलावा लागलाच, तर जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसास नव्या पत्त्यावर नेऊन पोहोचविण्याची व्यवस्था ठेवली पाहिजे. सर्व्हे नंबरावरून गट क्रमांक सांगणारी नोंद म्हणजे हीच व्यवस्था नव्हे काय? ज्या समाजाची दप्तरे आता संगणकात आहेत, त्या समाजात पत्त्याची शिस्त ही कारागिरांपुरती बाब राहत नाही. सामान्य माणसाचा कागद त्याला मिळावा आणि दुसऱ्याच्या हाती पडू नये, हे तिच्यावरच अवलंबून आहे.