रांझ्याच्या पाटलाची शिक्षा व पुनरपराधाचा अदमास

रांझ्याच्या पाटलाचें पत्र शिवकालीन न्यायाचा मासला म्हणून वारंवार सांगितलें जातें. इ. स. 1645-46 च्या या पत्रांत बाबाजी भिकाजी गुजर या मोकदमाकडून 'बदअमल' झाल्यामुळें शिवाजीमहाराजांनीं त्याचे हातपाय तोडविले व पाटिलकी काढून घेतली, असें आहे. पुढें त्याच्याच गोतांतील एका गुजरानें त्यास आपल्या हवालीं मागितलें. होन घेऊन पाटिलकी त्या गुजरास दिली. बदअमल म्हणजे स्त्रीवरील अत्याचार, हा अर्थ परंपरेचा. पत्रांत स्त्रीचा उल्लेख नाहीं. परंपरा ग्राह्य धरूनच आम्ही पुढील विचार करितों.

अशा मनुष्याकडून पुन्हा अपराध घडेल काय, हा प्रश्न आज कोष्टकानें सोडवूं पाहतात. कॅनडांतील हॅन्सन व इंग्लंडांतील थॉर्नटन यांनीं 1999 च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'स्टॅटिक-99' मध्यें दहा बाबी आहेत: वय, पूर्वींच्या शिक्षा, पीडित व्यक्ति अनोळखी होती काय, अपराध्यानें कोणाबरोबर संसार केला काय, इत्यादि. येणारा अंक तशा अपराध्यांच्या समूहाचा असतो, त्या एका मनुष्याचा नव्हे. आतां हें कोष्टक एखाद्या वतनदार पाटलास लावून पाहावें. तो प्रौढ, संसारी. पूर्वीं शिक्षा नाहीं. बाई गांवचीच, ओळखीची. अंक अल्पच निघावयाचा! कारण कोष्टक नोंदलेले अपराध मोजतें. नोंदीस फिर्याद लागते. आणि पाबळ असो वा रांझें, गांवच्या मजलिसींत पहिला मान पाटलाचा. फिर्याद न्यावी कोणाकडे? 20 सप्टेंबर 2018 रोजीं केंद्र सरकारनें लैंगिक अपराध्यांची जी राष्ट्रीय नोंद सुरू केली, तिलाही हाच आक्षेप लागू पडतो.

अंगच्छेदाचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु रांझ्याच्या निकालांत मनुष्याच्या स्वभावाचा अदमास न बांधतां ज्या अधिकाराच्या बळावर अपराध घडला तो अधिकारच काढला, आणि अपराधी गोताच्या हवालीं केला. वर्तणुकीबद्दल दुसऱ्यास बांधून घेण्याची ही कल्पना मेली नाहीं. 1898 च्या फौजदारी संहितेच्या 110 व्या कलमांत सराईत गुन्हेगारांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याची तरतूद होती, व 2023 च्या संहितेंतही ती राहिली आहे.

मात्र पत्र पुरें वाचावें. पाटिलकी गुजरांतच राहिली. फिर्याद ज्या दारीं न्यावयाची तें दार बदललें, कुळ नाहीं.