घरचा कॉम्प्युटर आणि कंपनीचं एक्स्चेंज

चाकण एमआयडीसीत नोकरी आणि निगडी प्राधिकरणात घर, अशा माणसाची एक ठरलेली तक्रार असते. जेवणाच्या सुट्टीत घरच्या कॉम्प्युटरवरचं एखादं ड्रॉइंग हवं असतं. लॅपटॉपवर व्हीपीएन जोडल्याची हिरवी खूण दिसते, पण घरचा कॉम्प्युटर काही लागत नाही. मग शिव्या व्हीपीएनला, नाहीतर नेटवाल्याला. माझं म्हणणं असं, की या दुखण्याचं मूळ त्याच कंपनीच्या रिसेप्शनमागच्या भिंतीवर लटकलेलं आहे. त्याचं नाव ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरचा फोन आला की 'एक्स्टेंशन नंबर डायल करा, नाहीतर ऑपरेटरसाठी नऊ दाबा' असं सांगणारं ते खोकं.

हा धागा हाती लागला तो सिस्कोच्या एका जुन्या फायरवॉलच्या नावातून. पिक्स हे तिचं नाव. त्याचा विस्तार फारसा कुणी पाहत नाही: प्रायव्हेट इंटरनेट एक्स्चेंज. १९९४च्या सुरुवातीला जॉन मेस या अमेरिकन माणसाला ती सुचली आणि ब्रँटली कॉइल यांनी तिचा प्रोग्राम लिहिला. कल्पना सरळ टेलिफोनवरून उचललेली होती. कंपनीकडे बाहेरच्या लाइनी चार आणि आत एक्स्टेंशनं दोनशे, हे पीबीएक्सला, म्हणजे कंपनीच्या खासगी टेलिफोन एक्स्चेंजला, जमतं. मग नोंदणी केलेले इंटरनेट पत्ते चार आणि आत कॉम्प्युटर दोनशे, हे का जमू नये? १९९५ मध्ये सिस्कोने पिक्स बनवणारी कंपनीच विकत घेतली.

एक्स्चेंजचा स्वतःचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे, तो थोडक्यात. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज आलं. ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट स्ट्रोजरने १८९१ मध्ये घेतलं. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि कारखान्यांची रांग लागली. त्या काळात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. लाइन मिळणं मुश्कील, म्हणून आहे त्या लाइनीवर आतली एक्स्टेंशनं वाढवायची, हे इथल्या कारखान्यांचं रोजचं गणित झालं. १९८४ मध्ये अशी उपकरणं बनवायला खासगी उद्योगांना मुभा मिळाली, पुढे सी-डॉटने १२८ पोर्टांचं एक्स्चेंज तयार केलं आणि लहान वर्कशॉपलाही आपला बोर्ड परवडू लागला.

इंटरनेटवर नेमकी हीच टंचाई पुढे आली. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, आणि १९९०च्या दशकात ते संपणार याची चाहूल लागली. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी नॅटचा मसुदा मांडला: आतले पत्ते आतच ठेवा, बाहेर जाताना नोंदणी केलेला पत्ता लावा. आज घरोघरीचा राउटर हेच काम करतो.

नॅटच्या उगमाबद्दल दोन प्रतिस्पर्धी मतं आहेत. पहिलं मत सांगतं की नॅट ही सुरक्षेची युक्ती आहे, आतले कॉम्प्युटर चोरांपासून लपवायला काढलेली. ते टिकत नाही. १९९४चा मसुदा पहिल्याच वाक्यात पत्त्यांच्या टंचाईचं रडगाणं गातो. पिक्स फायरवॉल म्हणून गाजली खरी, पण तिच्या नावात भिंत नाही, एक्स्चेंज आहे. लपणं हा आयता मिळालेला फायदा.

दुसरं मत जास्त वजनदार आहे. पत्ते पुन्हा पुन्हा वापरण्याची कल्पना पॉल फ्रान्सिस यांनीच, तेव्हा त्सुचिया या आडनावाने, टोनी एंग यांच्यासोबत जानेवारी १९९३ मध्ये छापली होती. म्हणजे पिक्सच्या आधी वर्षभर. मग टेलिफोनचं श्रेय कसलं? माझं उत्तर असं: गरज टंचाईने दिली, घडण एक्स्चेंजने. ही माणसं ज्या ऑफिसांत बसत होती तिथे प्रत्येकाच्या टेबलावर एक्स्टेंशनचा फोन होता. समोर रोज दिसणारं यंत्र त्यांच्या डोक्यात आलंच नसेल, हे मला पटत नाही. आणि पिक्सवाल्यांनी तर ते नावातच कबूल केलं.

आता आतल्या पत्त्यांची गंमत. फेब्रुवारी १९९६च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्राने तीन पट्टे सर्वांना फुकट वापरायला दिले: १०ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. दहाचा आकडा मुळात आर्पानेटचा, इंटरनेटच्या त्या पूर्वजाचा. ते जाळं १९९० मध्ये बंद पडलं आणि नंबर मोकळा झाला. ही कल्पना पहिल्यांदा पुढे आली तेव्हाच तिला विरोधही झाला. जुलै १९९४ मध्ये 'नेटवर्क १० घातक आहे' अशा अर्थाच्या मथळ्याचा निषेध चौघांनी छापला. पत्ता एकमेव राहिला नाही तर दोन जाळी जोडताना पंचाईत होईल, हे त्यांचं भाकीत. चौघांतले एक, एलियट लिअर, दीड वर्षाने त्याच आरएफसी १९१८च्या लेखकांत सामील झाले. नियम जिंकला, भाकीतही खरं ठरलं.

कसं, ते भोसरीच्या जे ब्लॉकमध्ये बघा. प्रत्येक कंपनीत २०१ नंबरचं एक्स्टेंशन असतं. त्याने कुणाचं बिघडत नाही, कारण दोन कंपन्यांचे बोर्ड एकमेकांना जोडलेले नसतात. व्हीपीएन नेमकं तेच करतं, दोन बोर्ड जोडतं. वर्कशॉपचं नेटवर्क १९२.१६८.१, घरचा राउटरही १९२.१६८.१. ऑफिसातून १९२.१६८.१.१० मागितलं की लॅपटॉप ते ऑफिसातच शोधतो, व्हीपीएनच्या बोगद्यात शिरतच नाही. हिरवी खूण खरी असते आणि कॉम्प्युटर न लागणंही खरं असतं.

व्हीपीएनची अधिकृत वंशावळ सैनिकी सांकेतिक लिपीपासून आयपीसेक, पीपीटीपी आणि २००१च्या ओपनव्हीपीएनपर्यंत सांगतात. कुलूप तिथूनच आलं, वाद नाही. पण 'बाहेर असून आत असल्यासारखं' ही कल्पना टेलिफोनची आहे. अमेरिकेत एटी अँड टीने १९८५ मध्ये आपल्या सार्वजनिक जाळ्यातच कंपन्यांना खासगी टेलिफोन जाळं विकायला सुरुवात केली, आणि बीएसएनएलच्या सेवांच्या यादीतही टेलिफोनचं व्हीपीएन होतं. त्याहून जवळचा पूर्वज ईपीएबीएक्समध्येच सापडतो. त्याला डिसा म्हणतात. घरून कंपनीच्या नंबरवर फोन करायचा, सांकेतिक आकडे दाबायचे, की कंपनीचा डायल टोन मिळतो आणि आपण एक्स्टेंशनवर बसल्यासारखे होतो. दूरस्थ लॉगिन यापेक्षा वेगळं काय करतं? दुखणंही तेच. चोर ते आकडे ओळखून कंपनीच्या बिलावर परदेशी फोन करत. आज रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं पोर्ट उघडं टाकलं की चोर तसाच आत शिरतो, फक्त बिलाऐवजी खंडणीची चिठ्ठी येते.

आपल्या सरकारने हे नातं कागदावरच जोडून ठेवलं होतं. बीपीओ कंपन्यांच्या नियमांत घरून काम आणि ईपीएबीएक्स शेजारी शेजारी नांदत. १३ मार्च २०२० रोजी दूरसंचार विभागाने घरून कामासाठीची सुरक्षा ठेव आणि कराराची अट शिथिल केली, तेव्हा हिंजवडी-तळवड्याची मंडळी लॅपटॉप घेऊन घरी जाऊ शकली. २३ जून २०२१च्या नियमांनी तर ईपीएबीएक्स जगात कुठेही ठेवायला परवानगी दिली.

मधल्या काळात नेट कंपन्यांचेही पत्ते संपले. आशिया-पॅसिफिकचा साठा एप्रिल २०११ मध्ये तळाला गेला. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा नेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखला गेला. म्हणजे आता एक्स्चेंजच्या मागे एक्स्चेंज. घरच्या राउटरवर पोर्ट उघडलं तरी बाहेरचा फोन आधी नेट कंपनीच्या बोर्डावर अडतो, आणि त्या बोर्डाची किल्ली आपल्याकडे नसते.

यावरचा आजचा उपाय आपल्या ओळखीचा आहे: मिस्ड कॉल. एक्स्टेंशनला बाहेरून फोन येत नसला तरी आतून बाहेर जातो. वायरगार्ड या व्हीपीएनवर बांधलेल्या टेलस्केलसारख्या सेवा घरच्या कॉम्प्युटरला आधी बाहेर निरोप पाठवायला लावतात, आणि त्याच उघड्या वाटेने परतीचं बोलणं करतात.

तेव्हा घरचा कॉम्प्युटर लागला नाही तर एवढं क्रमाने बघा. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली होती का? गेली असेल तर कॉम्प्युटर बंदच असेल. लाइट आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये करून ठेवा. त्यावर विंडोजची होम आवृत्ती असेल तर रिमोट डेस्कटॉपने तो बाहेरून उघडणारच नाही, प्रो लागते. राउटरच्या पानावर 'वॅन' समोरचा आकडा १०, १००.६४ किंवा तसल्या पट्ट्यातला असेल तर पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका. स्थिर पत्ता विकत घ्या किंवा मिस्ड कॉलवाली सेवा वापरा. घरचा पट्टा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ असेल तर तो आजच बदला, १९२.१६८.७३ असा कुणाच्या ध्यानीमनी नसलेला घ्या. आणि ३३८९ कधीही उघडं ठेवू नका. व्हीपीएनला दोष द्यायचा तो या सगळ्यानंतर.