तळटीप ७ : वाघदेव

७. वाघदेव : साक्री तालुका, नवापूर आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील कोकणा, मावची, भिल्ल या समाजांचे दैवत. शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशी उभा केलेला लाकडी खांब किंवा दगड. त्यावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले आणि वर शेंदूर. मूळ मजकुरातला म्हातारा गुराखी ‘देव’ म्हणतो तो हाच, रानातला प्रत्यक्ष वाघ नव्हे. पूजा वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीच्या सुमारास होते. तापीकाठच्या सपाटीवर हाच दिवस वसुबारस. तिथे गाय-वासराला ओवाळतात, इथे त्यांना खाणाऱ्याला! नारळ फुटतो, कोंबडाही कापला जातो, त्यामुळे या रिवाजाला सरसकट ‘अहिंसा’ म्हणणे बरोबर नाही. मागणे एवढेच, की गुरांना हात लावू नकोस. रानावर वाघाचाही हक्क आहे हे त्यात गृहीतच धरलेले असते. अल्बर्ट श्वाइट्झर यांचा १९१५ मधला ‘जीवनाविषयी आदर’ हा विचार प्रत्येक जिवाला धरून चालतो; वाघदेवाचा व्यवहार शेजाऱ्याशी केलेल्या कराराच्या जवळचा आहे.

मूळ मजकुराच्या पुढच्या परिच्छेदातील ‘औटरमसाहेब’ म्हणजे जेम्स औटरम (१८०३–१८६३). त्याने १८२५ पासून खान्देशात भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावला होते. वाघाच्या शिकारीचा त्याला नाद होता आणि भिल्लांचा विश्वासही त्याने बराचसा शिकारीतूनच मिळवला. वाघाच्या शिकारीवर देशभर कायद्याने बंदी आली ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने.