किरणांचा नेम आणि चिवट पेशी

नाशिक रोडच्या फलाटावरून सकाळीं मुंबईकडे जाणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसमध्यें नोकरदार, व्यापारी, विद्यार्थी यांच्या गर्दींत एखादें कुटुंब असें दिसतें कीं, ज्याच्याजवळ सामान थोडें, पण मेंदूच्या छायाचित्रांचा मोठा लिफाफा मात्र जिवापाड जपलेला असतो. हें कुटुंब दादरास उतरतें आणि परळच्या टाटा रुग्णालयाची वाट विचारतें. नोटा व टपालाचीं तिकिटें छापणाऱ्या या गांवाहून परळापर्यंतचा प्रवास कांहीं तासांचा आहे; परंतु त्या लिफाफ्यांतील गांठीवर नेमका किरण टाकण्याची विद्या शंभर वर्षांहून अधिक काळ वाट चालत आहे, आणि मुक्कामास अद्याप पोंचलेली नाहीं.

राँटजेन यानें 1895 सालीं क्ष-किरणांचा शोध लाविला. क्यूरी दंपतीनें 1898 मध्यें रेडियम शोधून काढलें. सजीव पेशी मारण्याचा गुण या दोहोंतही आहे, हें लौकरच कळून आलें, आणि शस्त्रावांचून गांठ नाहींशी होईल अशी वैद्यांस आशा वाटूं लागली. हिंदुस्थानांत या साधनाचें मोठें केंद्र उभें राहण्यास एक घरगुती दुःख कारण झालें. लेडी मेहरबाई टाटा 1931 सालीं रक्ताच्या कर्करोगानें वेल्समध्यें निवर्तल्या. परदेशांत मिळणारे उपचार स्वदेशांतही मिळावेत, असें त्यांचे पति सर दोराबजी यांच्या मनानें घेतलें. पण पुढच्याच वर्षीं तेही वारले. विश्वस्तांनीं संकल्प सोडला नाहीं. 28 फेब्रुवारी 1941 रोजीं परळ येथें 80 खाटांचें टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें, आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं वाहिली. धनिकाच्या घरचें दुःख इतक्या परक्यांच्या उपयोगी पडल्याचीं उदाहरणें थोडींच.

पुढें 1962 सालीं हें रुग्णालय अणुशक्ति खात्याच्या ताब्यांत आलें. दवाखाना अणुखात्याकडे, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु कर्करोगाच्या उपचारांत किरणांचें महत्त्व वाढत जाणार, हें डॉ. होमी भाभा यांनीं ओळखलें होतें. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रानें कालांतरानें कोबाल्टचें स्वदेशी उपचारयंत्र तयार केलें; त्यास ‘भाभाट्रॉन’ हें नांव मिळालें.

इतकें झालें तरी मेंदूंतील ‘ग्लायोब्लास्टोमा’ ही गांठ बधेना. ती बोराएवढी एका जागीं बसत नाहीं. हरळीच्या मुळांप्रमाणें निरोगी मेंदूंत तिचे तंतु पसरलेले असतात. अमेरिकन शल्यज्ञ वॉल्टर डँडी यानें 1928 सालीं अशा जातीच्या गांठींसाठीं रोग्याच्या मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून टाकण्याचें धाडस केलें, तरीही रोग उलटला! जें चाकूस साधलें नाहीं तें किरणांवर सोंपविण्यांत आलें. 2005 सालीं प्रसिद्ध झालेल्या युरोप-कॅनडांतील मोठ्या प्रयोगांत सहा आठवड्यांत 30 वेळां मिळून 60 ग्रे किरण व जोडीला टेमोझोलोमाइड हें औषध दिलें असतां रोग्यांचें मध्यम आयुर्मान सुमारें 12 महिन्यांवरून 14.6 महिन्यांवर गेलें. अडीच महिने! परंतु दोन वर्षें जगणारे शंभरांत 10 होते ते 26 झाले, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे.

उरलेल्यांचें काय होतें, याचा एक धागा 2006 सालीं ड्यूक विद्यापीठांतील संशोधकांस सांपडला. गांठींतील सर्वच पेशी सारख्या नसतात. कांहीं थोड्या मूळपेशींसारख्या असतात. किरणांनीं तुटलेला डीएनए त्या इतरांपेक्षां चपळाईनें सांधतात. माऱ्यानंतर दुबळ्या पेशी मरतात, आणि या चिवट पेशींचें प्रमाण उलट वाढतें. त्यांचें हें सांधकाम औषधानें रोखतां त्याही किरणांस बळी पडल्या, असें त्याच प्रयोगशाळेंत दिसलें. म्हणजे नेम केवळ गांठीवर धरून भागत नाहीं. तो पेशीवर धरला पाहिजे.

मौज अशी कीं, ही कल्पना त्याच्या सत्तर वर्षें आधींच सुचलेली होती. चॅडविकनें 1932 सालीं न्यूट्रॉन शोधला, आणि 1936 मध्यें गॉर्डन लॉकर यानें सुचविलें कीं, बोरॉन हें मूलद्रव्य गांठीच्या पेशींत पोंचवावें व वरून मंद न्यूट्रॉन सोडावे. न्यूट्रॉन गिळतांच बोरॉनचा अणु फुटतो, आणि त्याचे दोन तुकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी अंतर जाऊन थांबतात. हें अंतर जवळजवळ एका पेशीएवढें. शत्रूच्या घरांत ठेवलेली दारू बाहेरच्या ठिणगीनें उडवावी, तशी ही युक्ति. 1951 सालीं ब्रुकहेवन येथें पहिल्या रोग्यावर ती करून पाहण्यांत आली. पण बोरॉन गांठींत कमी आणि रक्तांत फार राही, त्यामुळें निरोगी रक्तवाहिन्यांचीच हानि झाली. 1961 सालीं अमेरिकेंतील ते प्रयोग थांबले. जपानांत डॉ. हातानाका यांनीं 1968 पासून तें काम नेटानें चालविलें, आणि 2020 सालीं त्या देशानें या उपचारास परवानगी दिली. मात्र ती डोकें व मान यांच्या कर्करोगापुरती, मेंदूच्या गांठीसाठीं नव्हे.

इकडे नवी मुंबईंत खारघर येथें टाटा संस्थेचें प्रोटॉन उपचारकेंद्र 2023 सालीं राष्ट्रास अर्पण झालें. ठरविलेल्या खोलीवर प्रोटॉन थांबतो, पलीकडचा मेंदू वांचतो. लहान मुलांस हा लाभ विशेष मोठा आहे. पण गांठीच्या हद्दींतील चिवट पेशी कोणती आणि साधी कोणती, हें प्रोटॉनलाही ओळखतां येत नाहीं. म्हणून प्रौढ रोग्यास ग्लायोब्लास्टोमा झाला असतां सामान्यतः त्याच तीस मात्रा आजही दिल्या जातात. आतां नाशकांतही किरणोपचाराचीं यंत्रें आलीं आहेत. तरी निदान पक्कें करून घेण्यासाठीं कित्येकजण परळच गांठतात, आणि उपचार तेथेंच ठरला तर रविवारच्या सुट्या मोजीत दीड महिना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणीं काढतात.