पोर्ट वाइन, उर्फ आजीचं द्राक्षासव

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, पोर्ट वाइनला पोर्ट का म्हणतात? बंदरावर करतात का?" प्रश्न चांगला होता. बँकेत लेटर ऑफ क्रेडिटच्या कागदांवर 'पोर्ट ऑफ लोडिंग' हजारदा तपासलं, पण हा विचार कधी आला नव्हता.

नाव आलं पोर्तुगालच्या पोर्तो शहरावरून. या शहराच्या जुन्या नावातूनच 'पोर्तुगाल' हा शब्दही घडला. द्राक्षं मात्र पिकतात आत डोरू नदीच्या खोऱ्यात. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचाच कडक अर्क घालतात. त्यामुळे आंबणं थांबतं, गोडी शिल्लक राहते आणि वाइन टिकते. फ्रान्सशी बिनसल्यावर इंग्रजांनी पोर्तुगालची वाइन जवळ केली आणि १७०३ च्या करारात तिला जकातीची सवलत दिली. १७५६ मध्ये डोरू खोऱ्याची हद्दही आखली गेली. आज युरोपात तिथल्याच वाइनला हे नाव लावता येतं. आपल्याकडे मात्र कुठलीही गोड लाल वाइन 'पोर्ट' झाली. गोव्यात तर ती घरोघरी याच नावाने ओळखतात. 'पगार', 'बटाटा', 'चावी' हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, तसाच हाही एक पाहुणा.

आमच्या काचीगुड्याच्या घरात हा पाहुणा १९६१ च्या पावसाळ्यात आला. धाकट्या भावाच्या वेळी आई फार अशक्त झाली होती. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, काढे, सगळं झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "रोज संध्याकाळी दोन चमचे पोर्ट वाइन द्या." तेव्हा ती सर्रास टॉनिक समजली जाई. अण्णांनी आबिड्सहून बाटली आणली. दुकानदार म्हणाला होता, "दवा है साहब, फिकर नक्को."

पण आजी! एकादशी, सोवळं, सगळं कडक. दारू हा शब्दसुद्धा घरात चालत नसे. तिने बाटली पाहिली, काही बोलली नाही. मागच्या मोरीत पाण्यात बुडवून लेबल काढलं आणि मला कागदावर 'द्राक्षासव' लिहायला लावलं. मी दहा वर्षांचा, छान वळणदार अक्षरात लिहिलं. रोज दिवेलागणीनंतर ती स्वतः आईला दोन चमचे पाजायची, मग हात धुऊन जपाला बसायची.

तसं तिचं नाव अगदीच खोटं नव्हतं. आयुर्वेदातलं द्राक्षासवही आंबवूनच करतात, त्यात थोडा मद्यांश आपोआप येतोच. आज मात्र कुठले डॉक्टर बाळंतिणीला वाइन सांगणार नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

आजी गेल्यावर पुष्कळ वर्षांनी ही गंमत म्हणून आईला सांगितली. ती म्हणाली, "मला पहिल्या चमच्यालाच वासावरून कळलं होतं रे. पण माझ्यासाठी त्यांनी स्वतःचा नेम मोडला होता. ते बोलून दाखवायचं का?"

दोघींनी शेवटपर्यंत एकमेकींना कळू दिलं नाही. नातवाला मी पोर्तो शहर नकाशावर दाखवलं. मग हेही सांगितलं.

तुमच्या घरी या बाटलीला काय म्हणत? जरूर लिहा.