रकाना आणि पडदा

मासिकांत लिहूनच लेखक घडतो, ऑनलाइनने ती वाट मोडली, अशी हळहळ मी अलीकडे वारंवार ऐकतो. पण ती वाट आपली होती कधी? ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. १९२७ च्या ‘बहिष्कृत भारता’चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनाच लिहावे लागले, आणि १९२९ मध्ये ते पत्र बंद पडले. तिथे मानधन कुठले! ‘लेखनाचा व्यवसाय’ हा शब्दच मला म्हणून पांढरपेशा वाटतो.

गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने नवख्या दलित लेखकाला पैसा नव्हे, संपादक दिला, मेळाव्यांतून समोरासमोर वाद घालणारे वाचकही दिले. ही मिळकत लहान नव्हे.

आज पोरे मोबाइलवर लिहितात, दाराशी द्वारपाल नाही. हे मला हवेच आहे. मात्र ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारता’चे जुने अंक कुणीतरी जपले, म्हणून १९९० मध्ये शासनाला ते पुन्हा छापता आले. संकेतस्थळ बंद पडले की त्यावरचे लेखनही जाते. मी विद्यार्थ्यांना त्यांच्या लेखांच्या छापील प्रती काढून ग्रंथालयात द्यायला सांगतो. काही हसतात, काही देतातही.