कावळ्याचा 'ए', सापाचा 'एस'

मूल रिसेप्शनच्या वर्गात जायला लागलं की आपल्यातल्या बऱ्याच आईबाबांचा गोंधळ उडतो. घरी आपण 'एस फॉर स्नेक' शिकवलेलं असतं आणि मूल शाळेतून 'स्स्स' करत येतं. वाटतं, हे काय नवीन खूळ!

पण हे नवीन नाही. तीस वर्षांच्या युद्धात मायदेश सोडावा लागलेल्या कोमेनियस या मोराव्हियन शिक्षकाचं 'ऑर्बिस पिक्टस' हे सचित्र पाठ्यपुस्तक 1658 मध्ये न्यूरेंबर्गला निघालं. पुढच्याच वर्षी लंडनचे शिक्षक चार्ल्स हूल यांनी ते इंग्रजीत आणलं. त्यातली मुळाक्षरं प्राण्यांच्या आवाजांवरून शिकवली आहेत. कावळा ओरडतो तो 'ए', मेंढरू बें करतं तो 'बी', साप फुसफुसतो तो 'एस'. पुढच्या पानांवर चित्रातल्या वस्तूंना आकडे दिलेत आणि तेच आकडे मजकुरातल्या शब्दांना.

आपलं 'ग गणपतीचा' सोपं, कारण अक्षराचं नाव तोच त्याचा उच्चार. इंग्रजीत म्हणायचं 'सी' आणि 'कॅट'मध्ये ऐकायचं 'क'. म्हणून आधी आवाज. पण 'नाइफ'मधला 'के' कुठलाच प्राणी ओरडून दाखवत नाही. तिथे कोमेनियसची दुसरी युक्ती कामी येते: वस्तू आणि शब्द एकत्र, पुन्हा पुन्हा बघायचे.

तेव्हा आज रात्री गोष्टीचं पुस्तक उघडाल, तेव्हा चित्रावरचं बोट जरा खालच्या शब्दावरही न्या.